पऱ्हाटीपासून बॅटरी : शेतातल्या काडीकचऱ्याचा कार्बन वीज कसा साठवतो?

बुलढाणा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, खान्देशाला लागून असलेला मलकापूर तालुका कापसाचा. मुंबईहून निघून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचलेला जीआयपी रेल्वेचा मार्ग मलकापूरवरून जातो, आणि वऱ्हाडातल्या कापसाच्या गाठी याच मार्गाने मुंबईच्या बंदरात जायच्या. कापसाचा बाजारभाव, सरकी, ढेप, जिनिंग यांवर इथे रोज बोललं जातं. शेवटची वेचणी झाल्यावर शेतात उभ्या राहणाऱ्या पऱ्हाटीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. ती उपटायची, बांधावर रचायची, थोडी चुलीसाठी घरी न्यायची आणि उरलेली पेटवून द्यायची, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता आहे.

हीच पऱ्हाटी हवा न लागू देता तापवली, तर तिचा कोळसा होतो. आणि हा कोळसा नीट तयार केला, तर तो वीज साठवणाऱ्या उपकरणांमध्ये वापरता येतो. पऱ्हाटी, कडुनिंबाचा पाला, नारळाची करवंटी, झाडाच्या लाकडातलं लिग्निन अशा नैसर्गिक गोष्टींपासून बॅटरी आणि सुपरकपॅसिटरसाठी कार्बन बनवण्यावर जगभर काम सुरू आहे. त्यातलं एक महत्त्वाचं संशोधन पुण्यात झालं आहे. हे तंत्र नेमकं काय आहे, ते कुठवर आलंय आणि कापूस उत्पादक शेतकऱ्याच्या हातात त्यातून काय पडू शकतं, ते समजून घेऊया.

बॅटरीत कार्बन कशाला लागतो?

मोबाइलपासून इलेक्ट्रिक स्कूटरपर्यंत बहुतेक ठिकाणी आज लिथियम-आयन बॅटरी असते. तिच्यात दोन इलेक्ट्रोड असतात, एक धन आणि एक ऋण. बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन धन बाजूकडून निघून ऋण बाजूला जाऊन बसतात, आणि बॅटरी वापरताना परत येतात. ऋण बाजूला या आयनांना बसायला जागा लागते. ती जागा देण्याचं काम ग्रॅफाइट करतं. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीत असतो तोच कार्बन. त्याचे थर एकावर एक रचलेल्या कागदांसारखे असतात आणि त्या थरांमध्ये लिथियम शिरून बसतो.

म्हणजे नाव लिथियमचं असलं, तरी प्रत्येक बॅटरीत कार्बनही बऱ्यापैकी असतो. हे ग्रॅफाइट खाणीतून काढतात किंवा पेट्रोलियम आणि दगडी कोळशाच्या उप-उत्पादनांपासून जवळपास ३,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून बनवतात. बॅटरीत वापरण्याजोग्या ग्रॅफाइटवर चीनचं वर्चस्व आहे. १ डिसेंबर २०२३ पासून चीनने काही प्रकारच्या ग्रॅफाइटच्या निर्यातीसाठी परवाना सक्तीचा केला, आणि जगभरातल्या बॅटरी कंपन्यांना या अवलंबित्वाची नव्याने जाणीव झाली. कार्बनचा दुसरा स्रोत शोधण्यामागे हे एक मोठं कारण आहे.

दुसरं कारण सोडियमचं. लिथियम जगात मोजक्याच ठिकाणी सापडतो. सोडियम मात्र मिठात असतो, म्हणजे मुबलक आहे. म्हणून सोडियम-आयन बॅटरीवर जोरात काम सुरू आहे. पण नेहमीच्या सोडियम बॅटरीत ग्रॅफाइट कामाला येत नाही, कारण ग्रॅफाइटच्या थरांमध्ये सोडियम नीट बसत नाही. त्यासाठी वेगळ्या रचनेचा कार्बन लागतो. त्याला ‘हार्ड कार्बन’ म्हणतात. आणि हार्ड कार्बन बनवायला वनस्पती हा अगदी योग्य कच्चा माल आहे.

वनस्पतीच का?

कोणतीही वाळलेली वनस्पती घेतली, तर तिच्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बनचा असतो. हा कार्बन सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या तीन पदार्थांत असतो. हवा न लागू देता ती तापवली की पाणी, वायू आणि डांबरासारखे पदार्थ निघून जातात आणि कार्बन मागे राहतो. या प्रक्रियेला पायरोलिसिस म्हणतात. कोळशाची भट्टी लावणारे लोक पिढ्यान् पिढ्या हेच करत आले आहेत.

विजेच्या कामासाठी वनस्पतीचा कार्बन वापरणंही नवं नाही. थॉमस एडिसनने १८७९ मध्ये जो दिवा यशस्वीपणे पेटवून दाखवला, त्याची तार कापसाच्या शिवणदोऱ्याचा कोळसा करून बनवलेली होती. पुढे त्याने जपानी बांबूपासून तारा बनवल्या.

वनस्पतीचा आणखी एक फायदा तिच्या रचनेत आहे. झाडाच्या आत पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, पेशींच्या भिंती असतात. कोळसा झाल्यावरही ही जाळी बरीचशी शिल्लक राहते. कारखान्यात जी छिद्रं मुद्दाम पाडावी लागतात, त्यातली काही निसर्गानेच पाडून दिलेली असतात.

शिवाय सेल्युलोज आणि लिग्निन तापवले तर वितळत नाहीत, आहे त्या जागी कोळसा होतात. त्यामुळे त्यांच्यातले कार्बनचे थर ग्रॅफाइटसारखे एकावर एक नीट रचले जात नाहीत, वेडेवाकडे राहतात. या वेड्यावाकड्या थरांमधल्या फटी आणि पोकळ्या सोडियमच्या आयनांना बसायला सोयीच्या ठरतात. संशोधक स्टीव्हन्स आणि डान यांनी २००० मध्ये ग्लुकोजपासून बनवलेल्या हार्ड कार्बनमध्ये प्रतिग्रॅम सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास इतका सोडियम साठवता येतो, हे दाखवलं. लिथियमसाठी ग्रॅफाइटची सैद्धांतिक क्षमता ३७२ आहे. म्हणजे साखरेच्या कोळशाची क्षमता ग्रॅफाइटच्या बरीच जवळ पोहोचली.

पुण्यातला कडुनिंबाचा प्रयोग काय होता?

महाराष्ट्रातलं या क्षेत्रातलं गाजलेलं काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं, म्हणजे एनसीएलमधलं. डॉ. सतीशचंद्र ओगले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी कडुनिंबाची गळून पडलेली, वाळलेली पानं घेतली, त्यांची भुकटी केली आणि ती एकाच टप्प्यात तापवून कार्बन बनवला. अशोकाच्या पानांवरही त्यांनी हाच प्रयोग करून पाहिला.

यातून मिळालेल्या एक ग्रॅम कार्बनचं पृष्ठफळ सुमारे १,२३० चौरस मीटर भरलं. म्हणजे चिमूटभर भुकटीत, सगळ्या छिद्रांच्या आतल्या भिंती पसरल्या तर, साधारण १२ गुंठे जागा. एरवी इतकी छिद्रं पाडण्यासाठी कोळशावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या तीव्र रसायनाची प्रक्रिया करावी लागते. इथे ती करावी लागली नाही. पानांमध्ये नैसर्गिकरीत्या असणारे धातूंचे अंश आणि मऊ सेंद्रिय घटक यांनीच ते काम केलं, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

हा कार्बन त्यांनी सुपरकपॅसिटरमध्ये वापरला. आम्लाच्या द्रावणात त्याने प्रतिग्रॅम ४०० फॅरड इतकी धारकता दाखवली. कचरा म्हणून झाडून टाकायच्या पानांपासून मिळालेला हा आकडा खूपच चांगला होता.

सुपरकपॅसिटर आणि बॅटरीत फरक काय?

बॅटरीत आयन पदार्थाच्या आत शिरतात आणि बाहेर येतात. सुपरकपॅसिटरमध्ये ते फक्त कार्बनच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि सुटतात. आत शिरायचं नसल्यामुळे काम झटपट होतं. काही सेकंदांत चार्ज, काही सेकंदांत डिस्चार्ज, आणि असं लाखो वेळा केलं तरी झीज कमी.

पण पृष्ठभागावर मावेल तेवढीच वीज साठते. बाजारातला सुपरकपॅसिटर एका किलोमागे साधारण ५ ते १० वॉट-तास ऊर्जा साठवतो, तर लिथियम-आयन बॅटरी १५० ते २५० वॉट-तास किंवा त्याहूनही जास्त. म्हणून जिथे थोड्या वेळात मोठा झटका लागतो तिथे सुपरकपॅसिटर वापरतात. गाडीच्या ब्रेकमधून परत मिळणारी ऊर्जा पकडणं, पवनचक्कीची पाती वळवणं, वीज गेल्यावर यंत्र काही क्षण सुरू ठेवणं ही त्याची कामं. चीनच्या शांघाय शहरात २००६ पासून अशा बस धावल्या, ज्या थांब्यावर प्रवासी चढेपर्यंत चार्ज होत.

सुपरकपॅसिटरसाठी वनस्पतीचा कार्बन ही आता प्रयोगशाळेपुरती गोष्ट राहिलेली नाही. बाजारातल्या सुपरकपॅसिटरमध्ये जो अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन असतो, त्यातला मोठा वाटा आजही नारळाच्या करवंटीपासून बनतो. भारतात केरळमधल्या कण्णूर इथे केल्ट्रॉन समूहाच्या कारखान्यात २०२४ मध्ये सुपरकपॅसिटरचं उत्पादन सुरू झालं.

मग पऱ्हाटीचं काय?

मुंबईत माटुंगा इथे केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. १९२४ पासून चालत आलेली ही संस्था ‘सिरकॉट’ नावाने ओळखली जाते. देशात दरवर्षी सुमारे ३ कोटी टन पऱ्हाटी निघते आणि हेक्टरी ती २ ते ३ टन भरते, असा अंदाज आहे. पऱ्हाटीची रचना गवत-भुशापेक्षा लाकडाच्या जवळची आहे. म्हणूनच सिरकॉटने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, पेलेट, ब्रिकेट आणि कंपोस्ट बनवण्याच्या पद्धती विकसित केल्या.

कार्बनसाठी हाच लाकडी गुण महत्त्वाचा ठरतो. मलकापूरच्या आसपासची पिकं शेजारी ठेवून पाहिली तर फरक लगेच कळतो.

- पऱ्हाटी आणि तुराटी : लाकडासारखी, लिग्निन भरपूर, शेतातच बरीच वाळलेली. कोळसा चांगला पडतो.
- सोयाबीनचं कुटार : हलकं, राख जास्त, आणि जनावरांना चारा म्हणून लागतं.
- केळीचं खोड : शेजारच्या रावेर, मुक्ताईनगर पट्ट्यात भरपूर. पण त्यात सुमारे ९० टक्के पाणी. वाळवण्यातच खर्च होतो.
- भाताचा कोंडा : राखेचं प्रमाण खूप, त्यातही सिलिका. आधी ती काढावी लागते.

पऱ्हाटीपासून सुपरकपॅसिटरसाठी आणि बॅटरीसाठी कार्बन बनवल्याचे प्रयोग कापूस पिकवणाऱ्या देशांमधल्या प्रयोगशाळांत झाले आहेत. प्रक्रिया साधारण अशी असते. पऱ्हाटी बारीक करायची, धुवायची, वाळवायची. मग ४०० ते ६०० अंशांवर तापवून कोळसा करायचा. सुपरकपॅसिटरसाठी हवा असेल तर रसायन किंवा वाफ वापरून ७०० ते ९०० अंशांवर छिद्रं पाडायची. सोडियम बॅटरीसाठी हवा असेल तर छिद्रं वाढवायची नाहीत, उलट १,००० ते १,४०० अंशांपर्यंत तापवून बाहेरची छिद्रं बंद होऊ द्यायची. शेवटी आम्लाने धुऊन राख काढायची.

म्हणजे एकाच पऱ्हाटीपासून दोन अगदी वेगळे कार्बन बनतात. एकाला जास्तीत जास्त उघडी छिद्रं लागतात, दुसऱ्याला आतल्या बंद पोकळ्या.

एका हेक्टरमधून किती बॅटऱ्या?

हा हिशेब कागदावरचा आहे, पण त्यातून आवाका कळतो. एका हेक्टरमधून अडीच टन पऱ्हाटी निघाली आणि तिचा २० टक्के हार्ड कार्बन मिळाला असं धरलं, तर तो ५०० किलो होतो. सोडियम-आयन बॅटरीत एक युनिट वीज साठवायला, घट धरून, साधारण दीड किलो हार्ड कार्बन लागेल असं मानूया. मग एका हेक्टरच्या पऱ्हाटीतून सुमारे ३३० युनिट साठवणाऱ्या बॅटऱ्यांचा कार्बन मिळतो. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी ३ युनिटची धरली, तर ११० स्कूटर.

ऐकायला हे भारी वाटतं. पण हाच हिशेब उलटा केला की दुसरी बाजू दिसते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये बॅटरी उत्पादनासाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली. तिचं उद्दिष्ट ५० गिगावॉट-तास क्षमतेचं होतं. या सगळ्या बॅटऱ्या सोडियमच्या असत्या आणि सगळा कार्बन पऱ्हाटीचा असता, तरी दरवर्षी दीड लाख हेक्टरची पऱ्हाटी पुरली असती. एकट्या महाराष्ट्रात कापूस साधारण ४० लाख हेक्टरवर असतो. म्हणजे ४ टक्क्यांहून कमी.

याचा अर्थ सरळ आहे. बॅटरीला पऱ्हाटी पुरेल, पण सगळ्या पऱ्हाटीला बॅटरी पुरणार नाही. शेतात पऱ्हाटी जाळण्याचा प्रश्न या एका उद्योगाने सुटेल असं म्हणता येत नाही. ब्रिकेट, पेलेट, बोर्ड आणि जमिनीत मिसळायचा कोळसा हे मार्ग सोबतीला लागतीलच.

शेतकऱ्याला यात काय मिळेल?

खरा प्रश्न हाच आहे. हार्ड कार्बन महाग विकला जातो, म्हणून पऱ्हाटीलाही मोठा भाव मिळेल असा समज होऊ शकतो. पण किंमत वाढते ती भट्टीत, शुद्धीकरणात आणि दर्जाच्या हमीत. एक किलो कार्बनसाठी पाच किलो पऱ्हाटी लागते. कारखानदार ती जळणाच्या भावानेच घ्यायला बघणार. शेतकऱ्याचा वाटा वाढवायचा असेल तर पहिली प्रक्रिया, म्हणजे तुकडे करणं आणि कोळसा करणं, गावपातळीवर व्हावी लागेल. कोळसा वजनाला पऱ्हाटीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा असतो, त्यामुळे वाहतुकीचा खर्चही वाचतो. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि बंद हंगामातल्या जिनिंगच्या जागा इथे उपयोगी पडू शकतात. मलकापूरसारख्या गावाला रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग दोन्ही आहेत, ही जमेची बाजू.

अडचणीही याच टप्प्यावर आहेत. पऱ्हाटी उपटायला मजूर लागतात. ती फुगीर असते, ट्रॅक्टरची ट्रॉली भरली तरी वजन थोडंच भरतं. ती दोन-तीन महिन्यांतच निघते आणि कारखाना वर्षभर चालवायचा तर साठवावी लागते. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे. कोळशासोबत जैवइंधनाच्या पेलेट जाळण्याचं धोरण केंद्राने आणलं आहे, त्यामुळे अशी केंद्रंही याच मालाची गिऱ्हाइकं होऊ शकतात.

आणखी एक गोष्ट सहसा हिशेबात येत नाही. पऱ्हाटी आज अनेक घरांत चुलीचं सरपण आहे. शेतमजूर कुटुंबांना ती बऱ्याचदा फुकट मिळते. उद्या तिला भाव आला, तर सिलिंडर परवडत नसलेल्या घराने काय पेटवायचं, हा प्रश्न राहतो.

दुसरीकडे, पऱ्हाटी वेळेत शेताबाहेर जाण्याचा एक मोठा फायदा आहे. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापसाचं प्रचंड नुकसान केलं. फरदड घेऊ नका, हंगाम संपताच पऱ्हाटी काढून टाका, असा कृषी विद्यापीठांचा सल्ला असतो, कारण उरलेल्या बोंडांत अळी तग धरते. पऱ्हाटीला ठरावीक तारखेला गिऱ्हाईक मिळालं, तर हा सल्ला पाळणं शेतकऱ्याला सोपं जाईल.

सगळीच पऱ्हाटी बाहेर नेणं मात्र जमिनीसाठी बरं नाही. तिच्यासोबत पालाश आणि इतर अन्नद्रव्यंही जातात. कोळसा धुताना निघणारी राख आणि क्षार शेतात परत आणण्याची सोय प्रकल्पातच असायला हवी.

प्रयोगशाळेतले आकडे कसे वाचायचे?

‘कचऱ्यापासून सुपरबॅटरी’ अशा बातम्या दर काही महिन्यांनी येतात. त्या वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, आकडा कशाच्या वजनावर काढला आहे. शोधनिबंधात ऊर्जा बहुतेकदा फक्त कार्बनच्या वजनावर मोजतात. प्रत्यक्ष उपकरणात दुसरा इलेक्ट्रोड, द्रावण, धातूची पत्री आणि डबी यांचंही वजन असतं, म्हणून आकडा कित्येक पटींनी खाली येतो.

दुसरी, पहिल्या चार्जिंगचं काय. हार्ड कार्बनमध्ये पहिल्याच वेळी काही सोडियम कायमचा अडकतो. तो तोटा जितका कमी, तितका कार्बन चांगला.

तिसरी, माल दर वेळी सारखाच निघतो का. काळ्या कसदार जमिनीतली पऱ्हाटी आणि मुरमाड जमिनीतली पऱ्हाटी यांच्या राखेत फरक पडतो. वाण, खत, पाऊस यांचाही परिणाम होतो. बॅटरी कंपनीला मात्र प्रत्येक पोत्यात तोच दर्जा लागतो. वनस्पतीजन्य कार्बनपुढचं हे सर्वांत अवघड आव्हान आहे.

उद्योग कुठवर आलाय?

जपानची कुराराय कंपनी वनस्पतींपासून हार्ड कार्बन बनवून विकते. फिनलंडमध्ये स्टोरा एन्सो या कागद कंपनीने लाकडातल्या लिग्निनपासून हार्ड कार्बन बनवण्याचा पथदर्शी प्रकल्प २०२१ मध्ये सुरू केला आणि पुढच्या वर्षी स्वीडनच्या नॉर्थव्होल्ट या बॅटरी कंपनीशी करार केला. नॉर्थव्होल्ट मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. कच्चा माल आणि तंत्र असूनही गिऱ्हाईक बुडालं तर काय होतं, याचं हे उदाहरण.

भारतात रिलायन्सने सोडियम-आयन बॅटरीवर काम करणारी ब्रिटनची फॅराडियन कंपनी विकत घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणे या संस्थेसोबत विकसित केलेलं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. सोडियम बॅटरीचे कारखाने देशात उभे राहिले, की हार्ड कार्बनची मागणी आपोआप तयार होईल. ती आयात करून भागवायची की इथल्या शेतमालापासून, हे तेव्हा ठरेल.

मलकापूरच्या शेतकऱ्यासाठी त्यातला पहिला टप्पा बॅटरीच्या कितीतरी आधीचा आहे : पऱ्हाटी गोळा करणारी, वजनावर पैसे देणारी आणि ठरल्या वेळी शेत मोकळं करून देणारी व्यवस्था. ती उभी राहिली, तर पऱ्हाटीचा कोळसा बॅटरीत जाईल, ब्रिकेटमध्ये जाईल किंवा परत जमिनीत जाईल. तिन्ही वाटांनी तिचे दोन पैसे होतील. ती नसेल, तर प्रयोगशाळेतला कार्बन कितीही चांगला निघाला तरी बांधावरची काडी पेटतच राहील.